दावणीची जनावरं विकून नुसती डाळ-सोयाबीन घ्यावी का?

प्रश्न (बीड जिल्हा): माझी सहा एकर कोरडवाहू जमीन, दोन गायी, चार उस्मानाबादी शेळ्या. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, दूध-मांसामुळे पर्यावरणाचं नुकसान होतं, सगळ्यांनी वनस्पतीजन्य आहार घ्यावा. जनावरं विकून सगळ्या रानात सोयाबीन करू का?

उत्तर: भाऊ, मुलाचं म्हणणं खोटं नाही. गायी-म्हशी रवंथ करतात तेव्हा मिथेन वायू बाहेर पडतो आणि तो हवा तापवतो. ज्या देशांत माणसाच्या तोंडचा मका, सोयाबीन गुरांना चारून मांस तयार करतात, तिथं मांस कमी खाल्लं तर जमीन आणि पाणी दोन्ही वाचेल, याबद्दल मला शंका नाही.

पण तुमच्या गायी खातात कडबा, तुरीचं भुसकट, बांधावरचं गवत. शेळ्या बोरी-बाभळीचा पाला ओरबाडतात. यातलं काही माणसाच्या पोटात जाणारं नाही. वर शेणखत मिळतं, ते वेगळंच.

उलट सोयाबीनचं बघा. १०० किलो गाळलं की १८ किलोच्या आसपास तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड, आणि ती मुख्यतः कोंबडीखाद्यात जाते. म्हणजे सगळं रान सोयाबीनखाली आणलं तरी माणसाच्या ताटातली डाळ वाढत नाही. ऊसही वनस्पतीच आहे. राज्यातल्या लागवडीखालच्या थोड्याशा क्षेत्रावर तो सिंचनाच्या पाण्याचा केवढा मोठा वाटा पितो, हे मराठवाड्याला सांगायला नको. भातखाचरातूनही मिथेन निघतो. म्हणून मी आधी विचारतो ते एवढंच: कोणतं पीक, कुठल्या रानात, कुणाच्या पाण्यावर?

तुमच्यासाठी सल्ला असा. जनावरं ठेवा, पण भाकड गाय पोसत बसू नका. ती दूध देत नाही आणि मिथेन मात्र सोडतेच. कडबा कुट्टी करून द्या, आख्खी ताटं पायाखाली तुडवली जातात. एकट्या सोयाबीनऐवजी सोयाबीन + तूर ४:२ ओळींनी पेरा, मध्यम जमिनीत तुरीचा बीडीएन ७११ वाण चालेल. भारी रानाचा एक तुकडा रब्बी ज्वारीला राखा. ज्वारी सोडली की भाकरी जाते आणि कडबाही जातो, मग चारा विकत आणावा लागतो. हे मी गावोगाव बघतोय आणि मला त्याची काळजी वाटते.

पेरणीआधी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळा. हे मुळावर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीत सुकवा. तूर-सोयाबीनला त्या त्या पिकाचंच पाकीट घ्या.

सोयाबीन ४०-४५ दिवसांचं झालं की एक झाड मुळासकट अलगद उपटा. मुळावरची गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर हवेतला नत्र झाडाला मिळतोय, तिथं युरिया टाकू नका. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ते झाड घेऊन तुमच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) भेटा. मुलगा सुट्टीला आला असेल तर गाठ त्याच्याच हातानं फोडू द्या.