प्लेटिंग कारखान्यात पर्यावरणाचं काम नव्याने हाती घेतलंय? मग एवढं आधी करा

अभिनंदन! ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) नंतर बघा, आधी प्लेटिंगच्या टाक्यांपाशी उभे राहा. जॉब (मुलामा दिलेली वस्तू) बाहेर काढला की कामगार तो घाईने धुवायला नेतात. त्याला चिकटलेलं रसायन धुण्याच्या पाण्यात जातं. खरी गळती तिथेच. टाकीवरच दहा-पंधरा सेकंद निथळू द्या. रसायन वाचतं, सांडपाण्यातलं क्रोमियम-निकेल घटतं, ईटीपीचा गाळही. हे प्रशिक्षण कॉन्फरन्स रूममध्ये देऊ नका, टाकीपाशीच द्या. रात्रपाळीलाही!

कागदांचं सध्या एवढंच:
- एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) संमतीपत्र अटींसकट स्वतः वाचा, सल्लागारावर सोडू नका.
- घातक कचरा ९० दिवसांच्या आत रवाना करा. फॉर्म ४ ची (घातक कचऱ्याच्या वार्षिक विवरणपत्राची) मुदत ३० जून.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पाणी ओतून सांडपाणी पातळ करणं. आकडे सुधारतात, धातू तेवढाच बाहेर जातो. काउंटर-करंट रिन्सिंग (उलट्या प्रवाहाने धुणं), झेडएलडी (सांडपाणी अजिबात बाहेर न सोडणं) वगैरे नंतर बोलू.