दुकानातल्या पेटीत काय टाकावं?

प्रश्न : ताई, आमच्या किराणा दुकानात श्रावणापासून ‘भुकेल्यांसाठी’ अशी चिठ्ठी लावून एक पेटी ठेवली आहे. शिवाय बिल ४८७ झालं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, “पूरे पाँच सौ कर दूँ? बाकी दान में.” मागे माणसं उभी असतात, नाही म्हणायला जड जातं. हे म्हणतात, आपल्या पैशावर दुकानदार पुण्य कमावतोय. मी काय करावं?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : भिडेपोटी देऊ नका, पण यजमानांच्या बोलण्यावरून हातही आखडू नका. ते १३ रुपये बिलावर वेगळे दाखवतात का, आणि महिन्याला किती जमले, कुणाला दिले, हे आधी विचारा. पैसे तुमचे, हिशेब मागायला संकोच कसला? एका दुकानात मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा “सेठजी बाहर गए हैं”. तिथे मी वरचे पैसे देणं बंद केलं.

पेटीचं मात्र मला मनापासून सांगायचंय. मल्हारगंजात आम्ही चौघी दर रविवारी अशा पेट्यांतलं सामान निवडतो. गेल्या खेपेला रव्याच्या तीन पुड्या बाजूला काढाव्या लागल्या. कुणीतरी त्यातच कपड्याच्या साबणाच्या वड्या टाकल्या होत्या. वास असा बसला की भाजूनही जाईना. बेसनाच्या एका पाकिटात जाळी. घरात खपलं नाही ते दान म्हणून येतं, याचं फार वाईट वाटतं.

आणि सगळे गहू-तांदूळच आणतात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनच्या यादीतल्या घरांना माणशी महिन्याला ५ किलो, सगळ्यात गरिबांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून तेही फुकट. म्हणजे पोळी होते, तिच्याबरोबर खायला काही नसतं. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, वाढत्या पोरांना तीच हवीत. म्हणून डाळ द्या, तेलाची पिशवी द्या. पाकिटावरची तारीख दोन-तीन महिने पुढची बघून घ्या. (वस्तू दिल्या तर आयकरात सवलत मिळत नाही, तेवढं यजमानांच्या कानावर घाला.)

सामान कुठे जातं, तेही विचाराच. एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलबाहेर झाबुआ, अलीराजपूर, खरगोनहून पेशंटबरोबर आलेली माणसं दिवसचे दिवस बसून असतात. तिथल्या एका आजींच्या हातात मी डाळीचा पुडा ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “बाई, पकाऊँगी कहाँ?” मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तिथे आम्ही फुटाणे, शेंगदाणे-गूळ आणि सेव-परमल (शेव-कुरमुरे) नेतो. तुमच्या दुकानातली पेटी जिथे जाते तिथे चूल आहे की नाही, हे एकदा कळलं की पिशवीत काय भरायचं ते तुम्हीच ठरवाल.