लेसर पाहणीचा नकाशा आणि नत्राचा हप्ता

लेसर यंत्राने केलेल्या पाहणीच्या नकाशात शेताचा एक पट्टा रोगट दाखवला आहे, प्रत्यक्षात मात्र पीक हिरवेगार आहे. अशा वेळी नत्राचा हप्ता वाढवावा का आणि लेसरमुळे पानांना इजा होते का, असे प्रश्न काही शेतकऱ्यांनी विचारले आहेत.

पाहणी कोणत्या यंत्राने झाली, हे आधी विचारून घ्यावे. लायडार हे यंत्र प्रकाशाचे स्पंदन परत यायला लागलेला वेळ मोजते. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक. त्यातून पिकाची उंची, दाटी आणि विरळ जागा कळतात, नत्राची कमतरता थेट कळत नाही.

दुसरे यंत्र पानांची प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी पानाने पुन्हा बाहेर टाकलेला प्रकाश, मोजते. पानाने शोषलेला बहुतेक प्रकाश प्रकाशसंश्लेषणात आणि उष्णतेत जातो, तर अगदी थोडा भाग हरितद्रव्य पुन्हा बाहेर टाकते आणि तो सुमारे ६८५ व ७४० नॅनोमीटर या दोन तरंगलांबींजवळ सर्वाधिक असतो. यांपैकी ६८५ जवळचा बराच प्रकाश निरोगी पानातील हरितद्रव्यच पुन्हा शोषून घेते. हरितद्रव्य घटले की हे शोषण कमी होते आणि पहिल्या प्रकाशाचे दुसऱ्याशी असलेले गुणोत्तर वाढते. पिवळेपणा डोळ्यांना जाणवण्यापूर्वी हा बदल टिपला जाऊ शकतो, म्हणून पीक हिरवे दिसते एवढ्यावरून नकाशा खोटा ठरवू नये.

तरीही केवळ नकाशावरून नत्र देऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. हरितद्रव्य नत्राअभावी घटते, तसेच लोहाच्या कमतरतेने, पाणी साचल्याने किंवा मूळकुजीनेही घटते, आणि पाणी साचलेल्या जमिनीत दिलेले नत्र बरेचसे वाया जाऊन मूळ दोष तसाच राहतो. त्या पट्ट्यातील व शेजारच्या चांगल्या भागातील चार-पाच रोपे मुळांसकट उपटून शेजारी शेजारी ठेवावीत, मुळांचा रंग व जमिनीतील ओल पाहावी आणि दोन्हीकडच्या एकाच वयाच्या पानांचे नमुने वेगवेगळे तपासणीस द्यावेत. वाण किंवा पेरणीची तारीख निराळी असल्यास ही तुलना करूच नये.

पाहणीच्या स्पंदनांची ऊर्जा कमी असल्याने पानांना इजा होत नाही. डोळ्यांना मात्र काही लेसर घातक ठरतात. त्यामुळे झोताकडे पाहू नये आणि सुरक्षित अंतर किती, हे चालकाकडून समजेपर्यंत माणसे व जनावरे शेताबाहेर ठेवावीत.