मुलगा दहावीत गेला आहे. मित्रांच्या नादाने त्याने दारूला हात लावू नये म्हणून आत्तापासून काय करता येईल?

ताई, तुमच्या प्रश्नात मित्रांचा नाद आहे, घरचं मात्र कुणीच नाही, म्हणून लिहायला बसलो. मी एकोणीस वर्षं पीत होतो, आता सुटून अकरा वर्षं झाली. मला पहिला घोट मित्राने नाही, मामाने पाजला.

मामेबहिणीची हळद होती. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. मांडवामागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोठ्यांची बैठक बसली होती आणि बर्फ, शेंगदाणे, पाण्याचे जग पोचवायचं काम माझ्याकडे होतं. चौथ्या-पाचव्या खेपेला मामा म्हणाला, "ये की, मिशी फुटली आता तुला." स्टीलच्या फुलपात्रात बोटभर रम आणि वर थम्सअप. मी तोंड वाकडं केलं तसे सगळे हसले. चव काही आवडली नाही, पण त्यांच्यात जागा मिळाली ती आवडली. त्या रात्री मला कुणी 'बारक्या' म्हणून हाक मारली नाही.

तेव्हा मुलाचा मोबाईल तपासण्याआधी घरची कार्यं तपासा. हळद, वरात, गटारी, जत्रेचं मटण, थर्टी फर्स्ट. आपल्याकडे पोराला चखणा आणायला पिटाळतात, बाटल्या उचलायला लावतात आणि पुढे तो प्यायला लागला की खापर मित्रांवर फोडतात. नवऱ्याला, दिराला, भावाला कार्य नसताना, शांत डोक्याने सांगून ठेवा: याच्या हातात ग्लास द्यायचा नाही आणि याला बैठकीत वाढायलाही बोलवायचं नाही. हसण्यावारी नेलं तर कायदा सांगा. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 77. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सख्खा मामा म्हणून त्यात सूट नाही. आणि महाराष्ट्रात बियरसाठी 21, रम-व्हिस्कीसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात.

"चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर घोटभर घेऊ दे" असं सांगणारे शहाणे भेटतीलच. ऑस्ट्रेलियात सुमारे 1,900 मुलांवर सहा वर्षं लक्ष ठेवून 2018 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. आईबापांनी दिल्याने मुलं सांभाळून पितात असं त्यात काही दिसलं नाही. उलट ज्यांना घरातून मिळाली, तीच पुढे बाहेरूनही जास्त मिळवू लागली. वयाचंही तसंच. पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांत पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण एकविशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या साधारण चौपट आढळलं आहे. म्हणजे नुसती चार-पाच वर्षं ढकलता आली तरी पुष्कळ झालं.

लिव्हरचे फोटो दाखवून घाबरवू नका. पंधरा वर्षांच्या पोराला चाळिशीची भीती नसते.

मित्रांचं म्हणाल तर माझा मुलगा आता अकरावीत आहे आणि आमच्यात एक ठरलंय. कुठे बसलेला असताना निघावंसं वाटलं, पण 'घाबरला' म्हणतील अशी लाज वाटली, तर तो फोन करून विचारतो, "पप्पा, मोटर बंद केली का?" आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, मोटर सोसायटीचा वॉचमन बघतो. मग मी शेजारच्यालाही ऐकू जाईल असा ओरडतो, "आत्ताच्या आत्ता घरी ये!" खडूस बाप म्हणून शिव्या मला बसतात, पोरगं सुटतं. गाडीवर येताना एक शब्दही विचारायचा नाही, ही अट त्याची. आजवर दोनदा असा फोन आला. दुसऱ्या वेळी त्याच्या तोंडाला बियरचा वास होता आणि सात किलोमीटर गप्प राहणं मला फार जड गेलं. सकाळी चहा पिताना त्यानेच सगळं सांगितलं. रात्रीच बोललो असतो तर त्याने पुन्हा फोन करायचं सोडूनच दिलं असतं.

तुमच्या मुलाच्या चार मित्रांच्या आईवडिलांचे नंबरही घेऊन ठेवा. आम्ही पाच घरांनी ठरवलं की ज्याच्या घरी कुणी मोठं नाही, तिथे मुक्काम नाही. एका घराने "एवढं काय त्यात" म्हणून अंग काढून घेतलं. चार घरांवर भागतंय.

मुलगा आधीच प्यायला लागलाय असं कळलं तर मारू नका, घराबाहेर काढायच्या धमक्या देऊ नका. 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. तुम्ही स्वतः फोन करून विचारू शकता, मुलाला पुढे करायची गरज नाही.

मागच्या मे महिन्यात पुतणीची हळद होती. मांडवामागून कुणीतरी माझ्या मुलाला हाक मारली, "बर्फ आण रे." तो उठायच्या आत मी उठलो आणि बर्फाची पाटी मीच नेऊन ठेवली.