सायंटिफिक नोटेशनमधल्या (म्हणजे ३.२ × १०^५ अशा, दशांशचिन्हाआधी एकच अंक आणि पुढे दहाचा घात; इथे घातांक ५) संख्यांची बेरीज-वजाबाकी करताना नेहमी लहान घातांकच मोठा करायचा, असा नियम आहे का?

नाही. आणि कोणी तसा नियम म्हणून शिकवत असेल तर चुकीचं शिकवतंय. घातांक सारखे हवेत, एवढीच अट. ३.२ × १०^५ मध्ये ४ × १०^३ मिळवताना दोन्ही १०^५ वर आणा (३.२ + ०.०४) नाहीतर १०^३ वर आणा (३२० + ४). ३.२४ × १०^५ हेच येणार.

नववीच्या वार्षिक परीक्षेत याच गोष्टीवरून माझे तीन मार्क कापले गेले, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर विजयदुर्गजवळ. १८९८ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहण बघायला नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ किल्ल्यावर आले होते, ते 'साहेबाचे कट्टे' आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतात. सरांनी गणितही ग्रहणाचंच घातलं. पृथ्वीपासून सूर्य १.४९६ × १०^८ किमी, चंद्र ३.८४ × १०^५ किमी. ग्रहणाच्या वेळी चंद्रापासून सूर्य किती लांब? मी सूर्याचं अंतर १४९६ × १०^५ करून घेतलं, त्यातून ३.८४ घालवले, १४९२.१६ × १०^५ आलं आणि शेवटी १.४९२१६ × १०^८ लिहिलं. पहिल्या ओळीपासून तांबडी रेघ. "मोठ्याला खाली आणायचं नाही, लहानाला वर न्यायचं." उत्तर तेच येतंय म्हटलं, तर म्हणाले पद्धत चुकली.

रडतच घरी आले. खळ्यात हापूसच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या, पाच-पाच डझनाच्या बारा. तेवढ्यात शेजारचे काका दोन डझन आंबे मागायला आले. सुटे आंबे शिल्लक नव्हते. बाबांनी एका पेटीचे खिळे उपटले, फळी काढली, पेंढा बाजूला सारून दोन-दोन आंबे उचलत चोवीस मोजून दिले. मग वहीत लिहिलं: साठ डझन, वजा दोन, अठ्ठावन्न. खाली व्यापाऱ्यासाठी: अकरा पेट्या, तीन डझन. मी सरांचं सांगितलं तर म्हणाले, "पेटी फोडल्याशिवाय दोन डझन खंयसून काढतलंस?"

मी केलं होतं ते हेच. मोठं एकक फोडलं, वजाबाकी केली, परत बांधलं. बारातून दोन गेले दहा, असं काही बाबांनी लिहिलं नाही. पेट्यांतून डझन थेट वजा होत नाहीत, तसंच १०^८ मधून १०^५ होत नाही. पोराने एवढं ओळखलं असेल तर पूर्ण मार्क द्या, मग तो वर जावो की खाली. माझ्या शिकवणीत मी तसेच देते.

सरांच्या बाजूने एक सांगायला हवं. लहानाला वर नेलं की बहुतेक वेळा उत्तर तयार रूपातच मिळतं, शेवटी दशांशचिन्ह सरकवत बसावं लागत नाही. सवय म्हणून चांगलं आहे. आणि माझ्या उत्तरात खरी चूक होती ती त्यांनी दाखवलीच नाही: सूर्याचं अंतर चारच अंकांपर्यंत दिलेलं, तेव्हा १.४९२ × १०^८ वर थांबायला हवं होतं.

वजाबाकीत हे फार जपा. न्यूट्रॉनचं वस्तुमान १.६७४९ × १०^-२७ किलो, प्रोटॉनचं १.६७२६ × १०^-२७. फरक २.३ × १०^-३०. पाच अंकांचे दोनच उरले. ऋण घातांकात -२७ हा -३० पेक्षा मोठा, तिथे मुलं हमखास उलटं सरकवतात.