इंग्रजीतल्या 'फेकलस' (feckless) शब्दाचा नेमका अर्थ काय? कुचकामी की बेजबाबदार?

दोन्ही, पण मूळ अर्थ कुचकामी. हा शब्द स्कॉटलंडचा. 'इफेक्ट'ची सुरुवात गळून तिथल्या बोलीत 'फेक' (feck) उरलं, म्हणजे परिणाम, दम, जोर. त्याला 'लेस' जोडलं की झाला ज्याच्यात काही दम नाही असा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तो लेखी सापडतो. 'फेकफुल' म्हणजे दमदार, हा त्याचा जोडीदारही होता, पण तो स्कॉटलंडबाहेर फारसा गेलाच नाही. (बिचारा!) आयरिश लोकांच्या तोंडी असलेली 'फेक' ही सौम्य शिवी मात्र वेगळी, तिचा याच्याशी संबंध लावू नका.

पुढे अर्थ सरकला. ज्याच्या हातून काही होत नाही, त्याला काही करायचंच नसतं असं लोक धरून चालतात, तसा 'बेफिकीर, बेजबाबदार' हा रंग चढला. आज अमेरिकी राजकारणात परराष्ट्र धोरणाला नावं ठेवताना हा शब्द हमखास येतो. 2014 मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी ओबामांच्या धोरणाला हेच विशेषण लावलं होतं. तिथे रोख कमकुवतपणावर असतो.

भाषांतर करताना माणसासाठी मी 'नाकर्ता' वापरेन, धोरणासाठी 'कुचकामी'. औषध लागू पडलं नाही तर मात्र 'फेकलस' नको, तिथे 'इनइफेक्टिव्ह'च.