चोरी काढून टाका, चित्र घरात कसं आलं ते शोधू द्या

प्रश्न असा होता: नववी-दहावीतल्या मुलांसाठी रहस्यकथा लिहितेय, घरातलं जुनं गुपित आणि चित्रकलेचं जग असं दोन्ही हवंय, पण प्रत्येक वेळी गाडी म्युझियममधल्या चोरीवर येऊन थांबते आणि सगळं खोटं वाटतं. काय करू?

चोरी काढूनच टाका ना मग. पंधरा वर्षांची मुलगी लेझरच्या किरणांखालून सरपटत जाते वगैरे आपल्याकडे कोणी खरं मानत नाही, आपल्याकडे म्युझियममध्ये वॉचमन काका स्टुलावर बसलेले असतात आणि त्यांना चुकवण्यापेक्षा त्यांच्याशी गप्पा मारणं सोपं असतं.

मी जुन्या चित्रांच्या साफसफाईचं, दुरुस्तीचं आणि फ्रेमिंगचं काम करतो. लोक चित्र घेऊन येतात तेव्हा चित्र कागदातून बाहेर निघायच्या आधी त्याची गोष्ट बाहेर येते. पणजोबांच्या कामावर खूश होऊन महाराजांनी दिलं, साहेब विलायतेला जाताना ठेवून गेला, आजीच्या माहेरून आलं. घरातल्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ असते आणि त्यात एखादी जागा अशी येते की सांगणारा माणूस पटकन पुढे सरकतो. "मग ते मधे काही वर्षं काकांकडे होतं, ते जाऊ दे." तुमचं रहस्य त्या "जाऊ दे"मध्ये आहे. चित्र कोणी चोरलं यापेक्षा चित्राची गोष्ट कोणी आणि का बदलली हे शोधायला लावा, आणि ते शोधायला घरातलं पोरच सगळ्यात योग्य कारण मोठ्यांनी विचारणं केव्हाच सोडून दिलेलं असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. चित्रांच्या बाजारात मालकीचा जो इतिहास मागतात, म्हणजे कोणाकडून कोणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनात होतं, तो बऱ्याचदा घरच्या सांगोवांगीवरच उभा असतो आणि ठगांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. जर्मनीतला वोल्फगांग बेल्ट्राची घ्या. तो जुन्या चित्रकारांच्या शैलीत नवी चित्रं काढायचा, पण खरी कमाल त्याच्या बायकोच्या आजोबांची. हेलेनचे आजोबा वेर्नर येगर्स हे खरोखरचे गृहस्थ होते, त्यांच्या नावावर या दोघांनी एक अख्खा चित्रसंग्रह बनवला, की म्हणे त्यांनी फ्लेष्टहाइम नावाच्या ज्यू डीलरकडून चित्रं घेतली आणि नाझी काळात लपवून ठेवली. पुरावा काय, तर आजीचा फोटो! हेलेन स्वतः आजीसारखे कपडे घालून, गळ्यात मोत्यांची माळ घालून बसली, मागे भिंतीवर ती खोटी चित्रं, आणि फोटो छापला जुन्या काळच्या फोटो पेपरवर, किंचित धूसर. नात आजी बनून बसलीये आणि जगातले भलेभले तज्ज्ञ मान डोलवतायत. २००६ मध्ये त्यातलं एक चित्र, काम्पेनडोंक या चित्रकाराच्या नावावरचं, कोलोनच्या लिलावात २८ लाख ८० हजार युरोला गेलं. पकडले कशावरून गेले तर पांढऱ्या रंगावरून. चित्र १९१४ चं म्हणून विकलेलं आणि त्यात टायटॅनियम व्हाइट निघाला, जो तेव्हा चित्रकारांच्या हातात आलेलाच नव्हता. मागे चिकटवलेली त्या डीलरची लेबलंही बनावट होती. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, तिला चार.

इंग्लंडमधल्या बोल्टनचं ग्रीनहॉल कुटुंब तर याहून भारी, कारण तिथे आईबाप सामील. मुलगा शॉन घरामागच्या शेडमध्ये वस्तू बनवायचा आणि म्हातारे वडील जॉर्ज त्या घेऊन म्युझियममध्ये जायचे आणि साधाभोळा चेहरा करून सांगायचे की आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पडून आहे हो, काय आहे बघा जरा. २००३ मध्ये बोल्टनच्याच म्युझियमने त्यांच्याकडून प्राचीन इजिप्तमधली म्हणून एक राजकन्येची मूर्ती साधारण ४ लाख ४० हजार पौंडांना घेतली. कागद म्हणून १८९२ च्या एका हवेलीच्या लिलावाचा खरा कॅटलॉग दाखवला होता, कॅटलॉग खरा, वस्तू खोटी. पुढे त्यांनी असिरियन दगडी शिल्पं विकायला काढली आणि त्यावरच्या कोरीव लिपीत चूक सापडली. म्हणजे एका शुद्धलेखनाच्या चुकीने अख्खं घर कोर्टात गेलं, हे आपल्या मराठीच्या मास्तरांना कळलं तर किती आनंद होईल.

पण तुम्हाला मुलांसाठी लिहायचंय म्हणून मी तिसऱ्या प्रकरणाकडे जास्त बघा असं म्हणेन. म्युनिकमधला कॉर्नेलियस गुर्लिट. २०१० मध्ये ट्रेनमध्ये कस्टमवाल्यांना त्याच्याकडे ९,००० युरो रोख सापडले, त्यात बेकायदा काही नव्हतं पण संशय आला, आणि २०१२ मध्ये त्याच्या फ्लॅटवर धाड पडली तेव्हा हजाराहून जास्त कलाकृती निघाल्या. त्याचे वडील हिल्डेब्रांड नाझींसाठी चित्रांचे व्यवहार करायचे. युद्धानंतर त्यांनी दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की ड्रेस्डेनच्या बॉम्बफेकीत कागदपत्रं आणि संग्रहाचा मोठा भाग जळून गेला. ड्रेस्डेन पेटलं फेब्रुवारी १९४५ मध्ये आणि तेव्हा कॉर्नेलियस बारा वर्षांचा होता. त्या पोराच्या डोळ्यांसमोर बाप सांगतोय की सगळं जळलं, आणि चित्रं तर घरातच आहेत! तो मुलगा पुढे म्हातारा होईपर्यंत त्या चित्रांना धरून बसला, ना धड नोकरी ना संसार. २०१४ मध्ये गेला आणि सगळं स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या म्युझियमच्या नावाने ठेवून गेला. त्यातलं मातिसचं एक चित्र पॅरिसच्या रोझेनबर्ग नावाच्या डीलरचं लुटलेलं होतं, ते २०१५ मध्ये त्यांच्या वारसांना परत मिळालं, तशी लुटीची म्हणून पक्की ठरलेली चित्रं मात्र थोडीच निघाली, बाकी बऱ्याच चित्रांचा धागाच लागत नाही. या बारा वर्षांच्या मुलाने तेव्हा बापाला काय विचारलं असेल किंवा का विचारलं नसेल, मला तरी यात चोरीपेक्षा जास्त भीती वाटते.

आता हे जर्मनीत झालं म्हणून तुम्ही गोष्ट तिकडे नेऊ नका, आपल्याकडे माल भरपूर आहे. उदाहरणार्थ "आमच्याकडे ओरिजिनल रविवर्मा आहे" हे वाक्य. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे. तिथे दगडांवरून एकेक रंग चढवत लक्ष्मी-सरस्वती छापल्या आणि घराघरात गेल्या. त्यातल्या काहींवर वार्निश असायचं, कागदाला कॅनव्हाससारखा पोत दिलेला असायचा, त्यामुळे दोन पिढ्यांनंतर घरचे शपथेवर सांगतात की हातानं रंगवलंय. भिंग लावलं की रंगाचे बारीक ठिपके दिसतात आणि विषय संपतो. तुमच्या नायिकेचा पहिला तपास हाच ठेवा, देवघरातलं "ओरिजिनल" प्रिंट निघतं आणि आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलत नाहीत. खरं चित्र वेगळीकडेच आहे, जिन्याखाली, ज्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

कोल्हापुरात घर दाखवलंत तर अजून मजा, कारण तिथे चित्रकार आबालाल रहिमानांची गोष्ट अजून सांगतात, की शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि त्या दुःखात आबालालनी आपली चित्रं तळ्यात सोडून दिली. खरंखोटं देव जाणे, पण अशी आख्यायिका असली की जिन्याखालचं प्रत्येक चित्र "तळ्यातून वाचलेलं" ठरतं, आणि वाचकाला चुकीच्या वाटेला लावायला याहून बरी वाट कुठली?

खरी वाट मी अशी नेईन. चित्रावर सही पणजोबांची, घराण्यात ते चित्रकार म्हणून मिरवलेले. पण काढलंय त्यांच्या बहिणीने. ती मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली होती आणि घरात तिचं नाव कोणी घेत नाही. हे फार ताणलेलं वाटेल म्हणून सांगतो, त्या काळी मुली जे.जे.मध्ये होत्या. धुरंधरांची मुलगी अंबिका १९३१ मध्ये तिथून डिप्लोमा घेऊन बाहेर पडली, गोव्याच्या त्रिंदादांची मुलगी अँजेला तिथेच शिकली आणि मोठी चित्रकार झाली, या बापलेकीची चित्रं आज पणजीला फुंदासाँव ओरिएंत या संस्थेत बघायला मिळतात. पण या दोघींचे वडील स्वतः चित्रकार होते आणि जे.जे.मध्ये शिकवत होते. ज्या मुलीच्या घरात कोणी पाठीशी नव्हतं तिचं काय झालं असेल, तिथे तुमची कादंबरी बसते.

मग फ्रेम उघडायचा सीन. हा घाईत उरकू नका, मुलांना असंच आवडतं. चित्र पालथं घालायचं, खाली जुनी चादर. मागचा तपकिरी कागद कडक होऊन फाटलेला, हात लावला की भुगा पडतो, कसरीने खाल्लेल्या नागमोडी वाटा, गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, पकडीने एकेक काढाव्या लागतात आणि शेवटची हमखास तुटते. आत पुठ्ठा आणि पुठ्ठ्यामागे वर्तमानपत्र. आमचे जुने फ्रेमवाले सर्रास रद्दी घालायचे, त्यामुळे तारीख मिळते, पण ती तारीख एवढंच सांगते की चौकट त्याआधीची नाही. रद्दी जुनीही असू शकते आणि चित्र तर चौकटीच्या कितीतरी आधीचं. समजा पेपर १९५६ चा आणि कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय १९३२. मधल्या चोवीस वर्षांत हे कुठे होतं? आईला विचारलं तर आई म्हणते अभ्यास कर.

पुढचा पुरावा यूव्ही टॉर्चचा, आजकाल ऑनलाइन स्वस्तात मिळतो. खोलीत अंधार करून जुन्या ऑइल पेंटिंगवर मारला की जुनं वार्निश हिरवट धुक्यासारखं चमकतं आणि त्याच्यावर नंतर केलेलं काम काळं दिसतं. सगळं चित्र हिरवट आणि उजव्या कोपऱ्यात पणजोबांची सही तेवढी काळीकुट्ट. सही वार्निशच्या वर आहे, म्हणजे चित्र पूर्ण होऊन, वार्निश होऊन, नंतर कधीतरी कोणीतरी केलीये. मोबाइलचा टॉर्च अगदी कडेने आडवा धरला तर सहीच्या खाली खरवडल्याची जागापण दिसेल. एवढं सगळं दहावीच्या मुलीला एकटीला करता येतं, लॅब नको आणि ओळखीचा इन्स्पेक्टर काकापण नको. कागदाचा पुरावा हवाच असेल तर बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिच्या प्रदर्शनाच्या जुन्या कॅटलॉगमध्ये आत्याआजीचं, म्हणजे पणजोबांच्या त्या बहिणीचं, नाव सापडू द्या, माहेरच्या आडनावाने.

पण हे सगळं कोडं झालं, गोष्ट अजून नाही झाली. गोष्ट व्हायला आज काहीतरी पणाला लागलं पाहिजे. वडिलांच्या डोक्यावर कर्ज आहे, पणजोबांच्या नावाला बाजारात भाव आलाय, लिलाववाल्यांचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेलाय. मुलीने तोंड उघडलं तर किंमत पार खाली येते, कारण आत्याआजीला कोण ओळखतं? आणि वाड्याचा मागचा भाग त्याच पैशातून, म्हणजे तिचीच चित्रं भावाच्या सहीने विकून बांधलाय हे आजोबांना पहिल्यापासून माहीत आहे. इथे कोणी व्हिलन लागत नाही.

एक सावधगिरी. अमेरिकेतल्या काकाने चित्र बॅगेत घालून न्यायचं असा ट्विस्ट बरेच जण टाकतात. १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचून घ्या, रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा मोजक्या चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर आहेत आणि ती कायमची देशाबाहेर विकता-नेता येत नाहीत, देशात विकता येतात. तुमचे पणजोबा त्या यादीत नसणार, त्यामुळे काकाला एअरपोर्टवर पकडायचा सीन या कारणाने तरी चालणार नाही. चित्र शंभर वर्षांवरचं असेल तर पुरावस्तू म्हणून अडवतील, पण आपलं १९३२ चं आहे. वर्ष बदलून १९२० करणार असाल तर काका पकडला जाऊ शकतो, पण मग आत्याआजीचं जे.जे.चं शिक्षण मागे सरकवावं लागेल आणि ते मला अवघड दिसतं.

आणि जमलं तर साताऱ्याजवळ औंधचं म्युझियम एकदा बघून या. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे असून स्वतः चित्रं काढायचे आणि रविवर्म्याची खरी ऑइल पेंटिंग्ज तिथे टेकडीवर आहेत. नायिकेला प्रिंट आणि पेंटिंगमधला फरक कळायचा असेल तर तिला तिथे एसटीने पाठवा, मैत्रिणीबरोबर, घरी क्लासला जाते सांगून. फ्रेम उघडायचा भाग लिहून झाला की इथेच कमेंटमध्ये टाका, चुका-पुठ्ठ्याचं काही चुकलं असेल तर सांगतो.